ऑगस्टमधला रूलँ: व्हॅन गॉगच्या एका शाईचित्राचा प्रकरण अभ्यास

लॉस एंजेलिसच्या जे. पॉल गेटी संग्रहालयात साधारण ३२ बाय २४ सेंटिमीटरचा एक कागद आहे. ए-फोरपेक्षा बोटभर मोठा. त्यावर एका दाढीवाल्या माणसाचं डोकं आणि खांदे, अंगात गणवेश, डोक्यावर टोपी आणि टोपीवर फ्रेंच डाकखात्याचं नाव. साहित्य म्हणजे बोरू, पिसाची लेखणी, तपकिरी शाई आणि खाली थोडा काळा खडू. साल १८८८, गाव दक्षिण फ्रान्समधलं आर्ल. माणसाचं नाव जोसेफ रूलँ, तेव्हा वय ४७. काढणारा व्हिन्सेंट व्हॅन गॉग, वय ३५.

या चित्राबद्दल कुठेही वाचा, पहिल्या दोन ओळींत 'जिवलग मित्र' येतोच. मग व्हिन्सेंटनं स्वतःचा कान कापल्याचा प्रसंग येतो, इस्पितळ येतं, पडत्या काळात साथ देणारा गरीब डाकवाला येतो. यातलं काहीच खोटं नाही. पण ते सगळं डिसेंबरातलं आहे आणि चित्र आहे ऑगस्टच्या सुमारातलं. डिसेंबरात काय होणार हे कागदावर बोरू टेकवताना व्हिन्सेंटला ठाऊक नव्हतं आणि रूलँलाही नव्हतं. आपण मात्र ते ठाऊक असूनच चित्रासमोर उभे राहतो, आणि मग त्या दाढीत आपल्याला माया दिसायला लागते. म्हणून हे प्रकरण तारखांच्या क्रमानं उलगडायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये या दोघांमध्ये नेमकं काय होतं? आणि त्यातलं किती कागदावर उतरलं?

माणूस आणि त्याची नोकरी

रूलँला सगळे पोस्टमन म्हणतात, खुद्द व्हिन्सेंटही पत्रांतून तसंच म्हणतो. पण दारोदार पत्रं टाकत फिरणं हे त्याचं काम नव्हतं. आर्लच्या रेल्वे स्टेशनावर गाडीतून उतरणारी आणि गाडीत चढणारी डाक सांभाळायची, थैल्यांची देवघेव बघायची, ही त्याची जबाबदारी. आपल्याकडच्या आरएमएसमधल्या, म्हणजे रेल्वे डाकसेवेतल्या, माणसाशी त्याची जातकुळी जास्त जुळते. गाड्यांच्या वेळा, थैल्यांचा हिशेब, अंगावर निळा गणवेश आणि त्यावर सोनेरी किनार. सरकारी नोकर, पण पायरीच्या तळाकडचा.

तो मूळचा लांबेस्कचा, जन्म १८४१. बायको ऑगस्टीन. मोठा मुलगा आर्मां सतरा वर्षांचा, धाकटा कामी अकरा वर्षांचा, आणि ३१ जुलै १८८८ रोजी जन्मलेली मार्सेल. पगार महिन्याला १३५ फ्रँक. हा आकडा व्हिन्सेंटनंच पुढे भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात दिला आहे, आणि एवढ्यात हा माणूस तीन पोरं कशी वाढवतो याचा त्याला अचंबा वाटतो.

हा अचंबा जरा थांबून बघण्यासारखा आहे. थिओ पॅरिसहून व्हिन्सेंटला दरमहा जे पैसे पाठवायचा, ते रूलँच्या पगारापेक्षा कमी नव्हते, बहुतेक वेळा जास्तच होते. एकटा जीव, पोरंबाळं नाहीत, आणि तरी महिनाअखेरीला खिसा रिकामा. रंग, कॅनव्हास आणि कॉफी यांच्यात सगळं जायचं. 'गरीब चित्रकार आणि त्याचा गरीब मित्र' ही जोडी ऐकायला बरी वाटते, पण हिशेब मांडला तर दोघांची गरिबी एका जातीची नव्हती. व्हिन्सेंटच्या मागे पॅरिसमध्ये कलाव्यापारात नोकरी करणारा भाऊ होता, घराण्यात धर्मोपदेशक आणि चित्रविक्रेते होते. रूलँच्या मागे फक्त पुढच्या महिन्याचा पगार.

मॉडेल मिळत नाही

व्हिन्सेंट २० फेब्रुवारी १८८८ ला आर्लला आला. झाडं, शेतं, पूल यांना पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून ती भरपूर झाली. माणसं मात्र मिळेनात. समोर बसणाऱ्याला पैसे द्यायचे म्हटलं तर ते नाहीत, आणि फुकट बसायला कुणी तयार नाही. नुसता रंगच थापतो हा, अशा चित्रांत आपण दिसलो तर लोक हसतील, अशी इथल्या लोकांना भीती वाटते, असं गाऱ्हाणं त्यानं पत्रातून केलं आहे. लामार्तीन चौकातलं पिवळं घर त्यानं मे महिन्यापासून १५ फ्रँक महिना भाड्यानं घेतलं होतं, पण उन्हाळाभर झोपायला तो स्टेशनाजवळच्या एका कॅफेत असायचा. जिनू नवराबायकोचा तो कॅफे. चौक स्टेशनाच्या पलीकडेच, रूलँचं घरही त्याच बाजूला. स्टेशनावर काम करणारा, प्यायला बसणारा, बोलायची हौस असलेला माणूस आणि बोलायला कुणीतरी हवं असलेला परदेशी चित्रकार, हे दोघं अशा ठिकाणी भेटले नसते तरच नवल.

जुलैच्या अखेरीस थिओला बातमी जाते की नवा मॉडेल मिळालाय. निळ्या गणवेशातला, सोनेरी किनारीचा, मोठ्या दाढीचा, सॉक्रेटिससारखा. बहिणीला, विल्हेल्मिनाला, तो याहून तपशिलात लिहितो: नाक जवळजवळ नाहीच, कपाळ उंच, माथ्यावर टक्कल, डोळे लहान आणि करडे, गाल भरलेले नि लालबुंद, दाढी काळीपांढरी, कान मोठे. चित्रकार मित्र एमिल बेर्नारला तर त्यानं हेही सांगून टाकलं की हा सॉक्रेटिस थोडा पिणारा आहे आणि गालांची लाली त्यातूनच आलेली आहे.

ही पत्रं ओळीनं वाचली की एक गोष्ट ठळक जाणवते. यात मित्राबद्दलचा जिव्हाळा थोडा आहे आणि चेहऱ्याबद्दलची हाव भरपूर आहे. काय डोकं सापडलंय! दोमिएच्या हाती द्यावं असं! दोमिए म्हणजे काळ्यापांढऱ्या शिळाछापांतून पॅरिसचे वकील, पुढारी, धोबिणी अजरामर करणारा, मार्से शहरात जन्मलेला चित्रकार. रूलँला बघून व्हिन्सेंटला तो आठवला, म्हणजे या चेहऱ्यात काळ्या रेषेचं काम आहे हे त्याला रंगांत बुडालेला असतानाच दिसलं होतं.

व्यवहार कसा झाला तेही त्यानं लपवलं नाही. रूलँनं बसण्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणून तो उलट महाग पडला, कारण बरोबर खाणंपिणं आलं. शिवाय रोशफोर या पत्रकाराचं 'लांतेर्न' हे राजकीय नियतकालिक व्हिन्सेंटनं त्याला वाचायला दिलं. चित्रकार थोडा कुरकुरतो आहे, थोडा हसतो आहे. मला हा हिशेब फार आवडतो. पैसे नाकारून रूलँनं स्वतःला मजुरीवरच्या मॉडेलच्या रांगेतून बाहेर काढलं आणि टेबलाच्या समोरच्या बाजूला येऊन बसला. पैसे घेतले असते तर तासाचा दर ठरला असता आणि तास संपल्यावर तो उठून गेला असता.

राजकारण हा दोघांमधला आणखी एक धागा. रूलँ कट्टर प्रजासत्ताकवादी, आणि म्हणूनच चालू प्रजासत्ताकावर त्याचा मनापासून राग. पॅरिसमध्ये व्हिन्सेंटला रंग उधार देणारा तांगीबाबा याच पठडीतला होता, आणि व्हिन्सेंट दोघांची तुलना वारंवार करतो. एकदा त्यानं रूलँला मार्सेयेज, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीचं गाणं, गाताना ऐकलं. तेव्हा आपण ८९ साल बघतोय असं त्याला वाटलं. पुढचं नव्हे, नव्व्याण्णव वर्षांपूर्वीचं, राज्यक्रांतीचं.

आधी रंगात, मग शाईत

शाईचित्राकडे येण्याआधी तैलचित्रांचा घोळ समजून घ्यावा लागतो. पहिलं तैलचित्र मोठं आहे, आज ते बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. वेताच्या खुर्चीत बसलेला रूलँ, एक हात टेबलावर, एक खुर्चीच्या हातावर. त्यात तो अवघडलेला दिसतो, आणि हे माझं मत नव्हे, व्हिन्सेंटचंच आहे. बसताना फार ताठ राहिला म्हणून मी त्याला दोनदा रंगवलं, दुसऱ्यांदा एकाच बैठकीत, असं तो लिहितो. दुसरं चित्र म्हणजे नुसतं डोकं आणि खांदे, मागे जवळजवळ पांढरी निळाई, आणि चेहऱ्यात पिवळे, हिरवे, जांभळे, गुलाबी, लाल असे मोडलेले रंग. हे डेट्रॉइटला आहे.

ताठ का राहिला असेल? गणवेश घालून, फोटो काढायला बसल्यासारखा बसला असणार. सत्तेचाळीस वर्षांच्या सरकारी नोकराला 'सहज बस' म्हटल्यानं सहज बसता येत नाही. नोकरीतली माणसं अजूनही फोटोसाठी छाती काढूनच उभी राहतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चित्रकाराला अडचण झाली खरी. त्यावर त्यानं काढलेला तोडगा सोपा होता: हातपाय, खुर्ची, टेबल सगळं काढून टाकायचं, फक्त डोक्याशी भिडायचं, आणि पोझ गोठायच्या आत उरकायचं.

गेटीतल्या शाईचित्राची मांडणी या दुसऱ्या चित्राच्या वळणाची आहे. त्या उन्हाळ्यात व्हिन्सेंट आपल्या तैलचित्रांवरून शाईत रेखाचित्रं करत होता. कॅनव्हास ओले, पाठवणं खर्चाचं, म्हणून आपण काय करतोय हे लांबच्या मित्रांना कळावं यासाठी कागद बरा. जुलै-ऑगस्टमध्ये अशी पाकिटं बेर्नारला गेली, ऑस्ट्रेलियन चित्रकार जॉन पीटर रसेलला १२ रेखाचित्रं गेली, थिओलाही गेली. यांना नकला म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. रंग वजा केल्यावर चित्रात काय उरतं, आणि उरलेल्याला उभं करायला काय नवीन घालावं लागतं, याचा सराव त्यात चाललेला होता.

कागदावर काय घडलं

आता बोरूबद्दल. हॉलंडमध्ये असताना व्हिन्सेंटनं बोरूनं काढून पाहिलं होतं, पण तिथले बोरू त्याला पटले नव्हते. आर्लच्या आसपास मात्र चांगले बोरू मिळाले. हंसाचं पीस तासतात तसा बोरू तासून ही चित्रं केली आहेत, असं तो एप्रिलमध्येच थिओला कळवतो. मोडी दफ्तरं ज्या हत्यारानं लिहिली गेली त्याच घराण्यातलं हे हत्यार, त्यामुळे त्याचा स्वभाव आपल्याला अगदीच अनोळखी नाही. बोरू शाई फार वेळ धरत नाही. टेकवला की जाड, ओला ठसा उमटतो, बोटभर अंतरात रेघ कोरडी पडते आणि पुन्हा दौतीत बुडवावा लागतो. पिसाच्या लेखणीसारखा तो लवत नाही, त्यामुळे लांबलचक नाजूक वळणं त्याला जमत नाहीत. त्याच्याकडून आखूड, ठाम, एका दमातल्या रेघा निघतात. आणि पडलेली रेघ पुसता येत नाही.

रूलँच्या चित्रात तीन हत्यारांनी कामं वाटून घेतलेली आहेत. काळ्या खडूनं आधी ढोबळ बेतणी. ठळक रेघांसाठी बोरू. जिथे बारीक काम हवं तिथे पीस. हे कळलं की चित्र वाचता येतं, कारण प्रत्येक वस्तूला वेगळ्या चालीची रेघ मिळाली आहे. गणवेशावर दाट, सरळ, एकमेकींना खेटून पडलेल्या रेघा. कापड जाड आहे आणि इस्त्रीचं आहे हे त्यांतून कळतं. दाढीत वळणं, ती गुंतलेली आणि दिशा बदलत जाणारी. चेहऱ्यावर छोटे छोटे फटकारे, गालाच्या गोलाईबरोबर वळणारे. मागे उभ्याआडव्या रेघांची जाळी.

या जाळीपाशी जरा थांबू, कारण चित्राचा सगळ्यात धाडसी निर्णय मला तिथे दिसतो. तैलचित्रात पार्श्वभूमी जवळजवळ पांढरी आहे. शाईत उतरवताना सरळ कागद कोरा सोडता आला असता. पांढऱ्याच्या जागी पांढरं. त्यानं तसं केलं नाही. कारण रंगात गणवेशाचा प्रशियन निळा आणि चेहऱ्याचा लालसरपणा एकमेकांशी झुंजत होते, आणि मागची फिकट निळाई त्या झुंजीला जागा देत होती. शाईत निळा नाही, लाल नाही. कागद कोरा सोडला असता तर सगळ्यात गडद गोष्ट म्हणजे कोट, आणि सगळ्यात ठसठशीत कड म्हणजे काळ्या कोटाची पांढऱ्यावरची. नजर गणवेशावर गेली असती आणि चेहरा त्याच्या वर नुसता टेकवलेला राहिला असता. मागची जागा रेघांनी भरल्यावर कोरा कागद दुर्मीळ झाला, आणि जो उरला तो मुख्यतः चेहऱ्याला मिळाला. कपाळ, गाल, नाकाचा तो 'जवळजवळ नसलेला' भाग उजळून पुढे आला. रंगाच्या चित्रात उठाव देण्याचं जे काम रंगविरोधानं केलं, ते इथे रेघांच्या गर्दीनं केलं आहे.

टोपी तशीच ठेवली, आणि टोपीवरची अक्षरंही. हे मला महत्त्वाचं वाटतं. पत्रांत टक्कल आणि उंच कपाळ यांचं कौतुक आहे, सॉक्रेटिस आहे; टोपी काढायला लावली असती तर तत्त्वज्ञ उघडा पडला असता. चित्रात मात्र तत्त्वज्ञाच्या डोक्यावर खात्याची टोपी घट्ट बसलेली आहे. हा माणूस रोज सकाळी कोण म्हणून घराबाहेर पडतो ते चित्रकारानं झाकलं नाही.

आणि माया? प्रामाणिकपणे बघितलं तर चेहऱ्यावर मऊपणा फारसा नाही. डोळे लहान ते लहानच आहेत, त्यांना ओलसर केलेलं नाही. दाढी विस्कटलेली ती विस्कटलेलीच आहे. याच ऑगस्टमध्ये व्हिन्सेंटनं पासियांस एस्कालिए या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं डोकं शाईत काढलं. ते हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर कळतं की दोघांशी तो सारख्याच भुकेनं भिडला आहे. एस्कालिएशी त्याची अशी काही दोस्ती झाली नाही. म्हणजे रेघांमधला जो जोर आपण 'मैत्री' म्हणून वाचतो, तो बराचसा चेहरा सापडल्याचा जोर आहे. मला यात कमीपणा दिसत नाही. श्रमिक माणसाचं चित्र काढताना करुणेचा हात फिरवायची सवय त्या काळातल्या बऱ्याच चित्रकारांना होती, अजूनही जाहिरातवाल्यांना आहे. इथे रूलँकडे कुणी वाकून बघत नाही. तो तुकड्या-तुकड्यानं तपासला जातो आहे, आणि तपासताना त्याला सूट दिलेली नाही.

एक सावधगिरी. आज ही शाई तपकिरी दिसते आणि त्यामुळे चित्राला जुन्या फोटोसारखी ऊब येते. पण व्हिन्सेंटच्या आर्लमधल्या कितीतरी रेखाचित्रांच्या शाया मुळात काळ्या होत्या, काळानं त्या तपकिरी झाल्या. रूलँ तेव्हा बहुधा आजच्यापेक्षा पुष्कळ कडक दिसत असणार.

नंतर

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये व्हिन्सेंटनं रूलँचं सगळं कुटुंबच रंगवायला घेतलं: नवरा, बायको, तान्ही पोर, दोन्ही मुलगे. मॉडेल मिळत नाही म्हणून रडणाऱ्याला एकदम पाच मिळाले. २३ डिसेंबरच्या रात्री कानाचा प्रसंग घडला. थिओ नाताळात धावत आला आणि लगेच परतला. मग इस्पितळात जाऊन बघणं, पिवळ्या घराकडे लक्ष ठेवणं, आणि पॅरिसला थिओला पत्रानं हालहवाल कळवणं हे रूलँनं केलं. डॉक्टर रे आणि पाद्री साल हेही होतेच, पण ते डॉक्टर आणि पाद्री होते. रूलँचं ते काम नव्हतं. जानेवारीत रूलँची मार्से शहरात बदली झाली, पगारवाढ नाममात्र. फेब्रुवारीच्या अखेरीस शेजाऱ्यांनी व्हिन्सेंटला कोंडून ठेवा म्हणून अर्ज केला, तेव्हा रूलँ आर्लमध्ये नव्हता. एप्रिलमध्ये व्हिन्सेंट लिहितो की रूलँ माझा बाप शोभावा एवढा म्हातारा नाही, तरी जुन्या शिपायानं नव्या शिपायाला जपावं तसं त्याचं मूकपणे जपणं असतं.

ही भाषा ऑगस्टच्या पत्रांत नाही. तिथे सॉक्रेटिस होता, लाल गाल होते, खाण्यापिण्याचा खर्च होता. आठ महिन्यांत शब्द बदलले, आणि चित्रंही बदलली. १८८९ च्या सुरुवातीच्या तैलचित्रांत, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या चित्रात बघा, रूलँच्या मागे फुलांची नक्षी आली आहे आणि दाढी लाटांसारखी सजली आहे. तिथे माया शोधायला जावं लागत नाही. पण तिथला रूलँ थोडा देवघरातल्या तसबिरीकडे झुकलेला आहे. मला निवड करायची वेळ आली तर मी शाईतला घेईन.

कुटुंबाकडे असलेली काही चित्रं पुढे पॅरिसचा व्यापारी आंब्रवाझ व्होलार यानं विकत घेतली. रूलँ १९०३ मध्ये वारला. मार्सेल १९८० पर्यंत जगली. शाईचित्र कागदावरचं असल्यामुळे उजेडात फार दिवस ठेवता येत नाही, तेव्हा नुसतं गेटीला गेलं म्हणून ते भिंतीवर भेटेलच असं नाही. संगणकावर मोठं करून बघता आलं तर आधी डावा-उजवा खांदा आणि मागची जाळी जिथे भिडतात ती कड बघा. काळ्यावर काळं आलं आहे, तरी खांदा हरवलेला नाही, कारण रेघांची दिशा बदलली आहे.